सेल मरतो कमी, मारला जातो जास्त

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानाच्या काउंटरवर फवारणीचा पंप आडवा टाकलेला होता. सोळा लिटरची टाकी, मळून काळे पडलेले पाठीचे पट्टे, आणि तळातल्या कप्प्याचं झाकण उघडं. पंपाचे मालक पुरंदरकडचे, अंजीर आणि सीताफळवाले. "तीन टाक्या मारल्या की गार पडतंय," ते म्हणाले. "मागल्या साली दिसभर चालायचा. बॅटरीच गेली म्हनत्यात सगळी. नवी टाका."

दुकानदाराला गल्लीत सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी उत्तर दिलं नाही. कप्प्यातून निळ्या श्रिंकमध्ये गुंडाळलेला पॅक काढला, कटरने श्रिंक उभी चिरली आणि मीटरच्या दोन सुया लावल्या. आत बारा सेल होते, चार-चारांच्या तीन गटांत. चौघं एकमेकांना पॅरललमध्ये, आणि असे तीन गट सीरिजमध्ये. पहिल्या गटावर मीटरने दाखवलं ४.१८ व्होल्ट. दुसऱ्यावर ४.१७. तिसऱ्यावर ३.५५.

"बॅटरी नाही गेली," भाऊ म्हणाले. "एक सेल गेलाय."

मग त्यांनी तिसऱ्या गटावरची निकलची पट्टी पक्कडीने उचकटली, चारही सेल सुटे केले आणि एकेकाचा अंतर्गत रेझिस्टन्स मोजला. तिघांचा चाळीस मिलिओहमच्या आसपास, चौथ्याचा पावणेदोनशेच्या वर. हा चौथा आतल्या आत गळत होता आणि शेजारच्या तिघांना रोज थोडं थोडं रिकामं करत होता. पॅकवर बीएमएस नावाची हिरवी पट्टी असते. कोणताही एक गट ठरलेल्या व्होल्टच्या खाली उतरला की ती अख्खा पॅक बंद करते. बाकीचे आठ सेल भरलेले असले तरी पंप थांबतो.

"म्हंजी एक बैल बसला आन् गाडी थांबली," पुरंदरवाले म्हणाले. भाऊंच्या दुकानात मी ऐकलेलं सर्वांत नेमकं तांत्रिक स्पष्टीकरण ते हेच.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी विषय दिला तो 'वस्तूंचं वय'. घड्याळं, शिवणयंत्रं, सायकली असं काही लिहिता आलं असतं. पण घरातला ड्रॉवर उघडला तर टॉर्च, पॉवर बँक, दाढीचं मशीन, ब्लूटूथचा स्पीकर, पोरांची खेळणी, या सगळ्यांचं वय एकाच गोष्टीवर ठरतं, आतल्या सेलवर. आणि त्या सेलपर्यंत बहुतेक वेळा पोचताच येत नाही.

पत्र्याच्या आत

भाऊंच्या काउंटरवर जो सेल सर्वांत जास्त दिसतो त्याला गल्लीत 'अठरा सहाशे पन्नास' म्हणतात. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य गोल आकाराचं. लॅपटॉपची जुनी बॅटरी फोडली की हेच निघतात. विजेच्या सायकलीत हेच, चांगल्या टॉर्चमध्ये हेच, आणि परदेशात ज्याला व्हेप म्हणतात त्या ई-सिगारेटच्या मोठ्या यंत्रांतही हेच. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. त्यामागच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पत्र्याच्या आत दोन लांब पट्ट्या असतात. एक तांब्याची, ग्रॅफाइट माखलेली; दुसरी अ‍ॅल्युमिनियमची, धातूच्या ऑक्साइडचा लेप दिलेली. मध्ये केसापेक्षा पातळ प्लास्टिकचा पडदा, आणि हे सगळं घट्ट गुंडाळून डब्यात घातलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. सेलचं आयुष्य म्हणजे ही ये-जा. पण प्रत्येक फेरीत थोडं लिथियम वाटेत अडकतं. ग्रॅफाइटवर पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर धरतो. तो थर लागतोच, त्याच्यावाचून सेल टिकणार नाही. मात्र तो वर्षानुवर्षं जाड होत जातो, लिथियम खात जातो, आणि आयनांची वाट अडवत जातो. साठा कमी होतो आणि रेझिस्टन्स वाढतो. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आला की सेल म्हातारा धरायचा, असा उद्योगातला रिवाज आहे. साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर ही वेळ येते.

हे झालं नैसर्गिक मरण. भाऊंकडे येणारे थोडेच सेल अशा मरणाने मेलेले असतात.

उष्णता हे पहिलं कारण. भरलेला सेल चाळीस अंशांत वर्षभर नुसता पडून राहिला तरी त्याची सुमारे एक तृतीयांश क्षमता कायमची जाते. तोच सेल अर्ध्याच्या जरा खाली चार्ज करून ठेवला तर नुकसान निम्म्याहून कमी होतं. आपण नेमकं उलटं करतो. पावसाळ्याआधी इमर्जन्सी लाइट शंभर टक्के भरून माळ्यावर ठेवतो, तेही पत्र्याखालच्या माळ्यावर. पुरंदरवाल्यांचा पंप उन्हाळाभर शेडमध्ये चार्जरला लावलेलाच होता. "लाइट कधी यील सांगता येत न्हाई, मग लावूनच ठिवायचा," हे त्यांचं म्हणणं, आणि शेतीच्या विजेचं वेळापत्रक ज्याला माहीत आहे तो त्यांना दोष देणार नाही.

दुसरं कारण म्हणजे पार तळाला जाणं. दोन व्होल्टच्या खाली सेल गेला की आतल्या तांब्याच्या पट्टीतलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी साचतं आणि पडद्यातून आरपार जायला बघतं. शून्यावर गेलेल्या सेलला दुसऱ्या सेलची तार लावून 'झटका देऊन उठवणारे' कारागीर आहेत. सेल उठतोही. भाऊ मात्र तसा सेल बाजूच्या वाळूच्या डब्यात टाकतात. "गिऱ्हाईक खूश होतं, घेऊन जातं, आणि रात्री उशाशी ठेवून चार्जिंगला लावतं," एवढंच ते म्हणाले.

एकवीस अँपिअरचा झुरका

आता ई-सिगारेट. भारतात ती विकता येत नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळं गुन्हा. साठा सोडून बाकीच्यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही पानटपऱ्यांवर छापे पडल्याच्या बातम्या येत असतात. त्या व्यसनाची वकिली करण्याचं मला काही कारण नाही. पण सेल कसा वापरावा आणि कसा वापरू नये, याचे जगातले सर्वांत टोकाचे नमुने या एका वस्तूत सापडतात.

हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा नमुना बनवला. तत्त्व सोपं आहे: तारेचं छोटं वेटोळं, त्यात चवीच्या द्रवात भिजलेला कापूस, आणि तार तापवायला बॅटरी. पुढे हौशी लोकांना मोठे ढग हवेसे वाटले. त्यांनी वेटोळ्याचा रेझिस्टन्स कमी करत करत ०.२ ओहमवर आणला. शाळेतला ओहमचा नियम लावा. भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट भागिले ०.२ म्हणजे २१ अँपिअर. हाताच्या अंगठ्यापेक्षा थोड्याच मोठ्या सेलमधून, एका झुरक्याला. पुरंदरवाल्यांच्या पंपाची मोटर चालताना दोन-तीन अँपिअर ओढते, आणि तीही चार सेलांत वाटून.

इथे सेलच्या जातीचा प्रश्न येतो. लेप जाड दिला की साठा वाढतो पण जोर कमी होतो. लेप पातळ दिला की उलट. पॅनासोनिकचा ३४०० मिलिअँपिअर-तासांचा हिरवा सेल लॅपटॉपला उत्तम, पण त्यातून सतत सात अँपिअरच्या वर मागणं म्हणजे त्याला भाजणं. सोनीचा व्हीटीसी५ए फक्त २६०० चा, पण पंचवीस अँपिअर सहज देतो. व्हेपवाल्यांच्या जगात हे ज्ञान जीव वाचवण्यापुरतं आवश्यक झालं. त्यामुळे त्यांच्यात काही नियम रुजले, जे आपल्याकडच्या पॅक बांधणाऱ्यांनाही पाठ हवेत. दोन सेलांच्या यंत्रात दोन्ही सेल एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातून घ्यायचे, त्यांचं 'लग्न लावायचं', आणि मग ते कायम एकत्रच वापरायचे, एकत्रच चार्ज करायचे. एक जुना आणि एक नवा चालत नाही. सेलवरचं प्लास्टिक फाटलं तर तो वापरायचा नाही, आधी नवं चढवायचं. कारण त्या सेलचा संपूर्ण डबाच ऋण टोक असतो, धन टोकाची टोपी मधोमध, आणि दोघांमध्ये जेमतेम एक कागदी चकती. सुटा सेल खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर कधीच नाही.

सेल बिथरला की काय होतं, याची नोंद अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने ठेवली आहे: २००९ ते २०१६ या काळात ई-सिगारेट पेटण्याच्या किंवा फुटण्याच्या १९५ घटना आणि १३३ जखमी. भुसकन धूर सोडून विझण्याऐवजी नळकांडं रॉकेटसारखं सुटतं, असं त्या प्रशासनाने बजावलं, कारण सेलचं सर्वांत कमजोर टोक यंत्राच्या टोकाशीच असतं.

चार्जिंगचं भोकच नाही

टोकाचा दुसरा नमुना बघायला भाऊंच्या दुकानाबाहेर जावं लागलं. माझी भाची इंग्लंडमध्ये लीड्सला इंजिनिअरिंग शिकते. व्हिडिओ कॉलवर तिने मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं टेबल दाखवलं. त्यावर फुटपाथवरून उचललेले एकदाच वापरायचे व्हेप मांडलेले होते. गुलाबी, पोपटी, आंबा रंगाचे, लिपस्टिकएवढे. चष्मा आणि हातमोजे घालून तिने एकाचं बूड ओढून काढलं. आतून भिजका कापूस, तारेचं वेटोळं, श्वास ओढल्याचं ओळखणारा मायक्रोफोनसारखा छोटा सेन्सर, आणि एक चकचकीत गोल सेल निघाला.

"मामा, तू बघ ना," ती म्हणाली, "हा चार्ज होणाराच सेल आहे. पण यांनी चार्जिंगचं भोकच ठेवलेलं नाही."

मला आधी ते पटेना. चार्ज होणारा सेल घालून तो चार्जच करायचा नाही, हा कुठला हिशोब? हिशोब असा की वेटोळं तापवायला लागणारा जोर साधा, एकदाच वापरायचा सेल एवढ्या आकारात आणि त्या किमतीत देऊ शकत नाही. लिथियम-आयन सेल मात्र चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यांतून इतक्या अफाट संख्येने निघतात की तेच स्वस्त पडतात. मग कारखान्यात एकदा भरायचे, द्रव आणि चार्ज साधारण बरोबरच संपतील असं प्रमाण ठेवायचं, आणि चार्जिंगची चिप आणि भोक यांचे पैसे वाचवायचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सेल काढून तपासले, तेव्हा ते शेकडो वेळा पुन्हा चार्ज होऊ शकतात असं आढळलं. म्हणजे एका फेरीनंतर ते कचऱ्यात जात होते. मेलेला एकही नाही, सगळे मारलेले.

ब्रिटनमधल्या मटेरिअल फोकस या संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये तिथे दर आठवड्याला सुमारे ५० लाख असे व्हेप फेकले जात होते. ते सुक्या कचऱ्यात जातात, कचऱ्याच्या ट्रकमधल्या दाबयंत्राखाली चिरडतात, पडदा फाटतो, आणि ट्रक आतून पेटतो. लिथियमची अशी आग पाण्याने चटकन विझत नाही, विझल्यासारखी वाटून परत पेटते. १ जून २०२५ पासून ब्रिटनने एकदाच वापरायच्या व्हेपची विक्री बंद केली. त्याआधी १ जानेवारीला बेल्जियमने आणि फेब्रुवारीत फ्रान्सने केली होती.

भाची मात्र फारशी हरखलेली दिसली नाही. बंदीनंतर दुकानांत तीच रंगीत नळकांडी आली, फक्त खाली चार्जिंगचं भोक आणि वर बदलता येणारी कुपी घेऊन. ब्रिटिश नियम म्हणतो की सेल चार्ज होणारा हवा, द्रव भरता यायला हवा, वेटोळं बदलता यायला हवं. सेल बदलता यायला हवा, असं तो म्हणत नाही. त्यामुळे वस्तू आता थोडी जास्त जगते आणि मग सीलबंदच मरते. माझ्या मते हा अर्धा कायदा आहे. फेकण्याची सवय भोकाने जात नाही, आणि लोक ती नवी नळकांडीही चार्ज न करता फेकतात.

क्रिस डोएल या इंग्रज अभियंत्याने याच कचऱ्यावर उलटा प्रयोग केला. फेकलेल्या व्हेपमधले सेल काढून, तपासून, त्याने आधी विजेच्या सायकलीची बॅटरी बांधली आणि मग पाचशे व्हेपच्या सेलांची घराला वीज पुरवणारी बँक. भाऊंना मी मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. पाच मिनिटं शांतपणे बघून ते म्हणाले, "प्रत्येक सेलला फ्यूज लावलाय. पोरगा शहाणा आहे."

९८०० चा आकडा

तपकीर गल्लीत फिरताना आणखी एक सेल दिसतो. भडक रंगाचा, आणि त्यावर छापलेलं असतं ९८०० मिलिअँपिअर-तास. जगातल्या चांगल्यात चांगल्या कारखान्याचा अठरा सहाशे पन्नास ३५०० च्या आसपास थांबतो. त्याच्या फार पुढे त्या आकारात माल मावतच नाही. भाऊंनी काउंटरखालून सोनारासारखा छोटा काटा काढला. खरा सेल ठेवला, ४६ ग्रॅम. भडक सेल ठेवला, ३१. "आत लहान सेल असतो, नाहीतर भंगारातला. वर नवी श्रिंक. कधी नुसती पूड भरलेली असते." टॉर्चबरोबर फुकट येणारे सेल बहुतेक याच जातीचे. टॉर्च दोन महिन्यांत मंद होते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, लिथियमच बोगस.

चार्जरचंही तसंच. टीपी४०५६ नावाची चिप बसवलेली नखाएवढी पट्टी गल्लीत काही रुपड्यांना मिळते. चार्ज होताना लाल दिवा, भरला की निळा. चांगली चिप आहे, ४.२ व्होल्टला प्रामाणिकपणे थांबते. पण त्याच पट्टीचे दोन प्रकार मिळतात, एकात सेल जास्त उतरू न देणारं संरक्षण असतं आणि दुसऱ्यात नसतं. फरक काही रुपयांचा. स्वस्त वस्तू बनवणारा कुठला प्रकार घालतो, हे सांगायला नको.

२०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यात अशा आणखी घटना झाल्या आणि केंद्राने वाहनांच्या बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक केल्या. पण हे नियम गाड्यांपुरते. फवारणीच्या पंपातल्या, खेळण्यातल्या, टॉर्चमधल्या सेलला या कडक चाचण्या लागू नाहीत.

बदलायचा म्हणजे काय

पुरंदरवाल्यांच्या पॅकचं पुढे काय झालं? नुसता एक नवा सेल घातला असता तर पॅक चालू झाला असता, आणि थोड्याच महिन्यांत परत आला असता. जोरदार नवा आणि दमलेले अकरा जुने, हे जमत नाही. भाऊंच्या मागच्या फळीवर पुठ्ठ्याची खोकी आहेत. त्यांत भंगारातल्या लॅपटॉप बॅटऱ्यांमधून काढलेले सेल क्षमतेप्रमाणे लावलेले, प्रत्येकावर मार्करने आकडे. लॅपटॉपच्या सहा सेलांच्या पॅकमध्ये दोन गेलेले आणि चार धडधाकट निघणं नेहमीचं. जुन्या तिघांच्या आकड्यांशी जुळणारा चौथा त्यांनी त्यातून शोधला, बार्ली पेपरची वीज अडवणारी चकती चिकटवली, निकलची पट्टी बसवली. स्पॉट वेल्डरचा टिक-टिक आवाज झाला आणि पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटले. डाग द्यायचा सोल्डरिंगने नाही, कारण सोल्डरची उष्णता आतल्या पडद्यापर्यंत जाते. शेवटी तिन्ही गट एका पातळीवर आणून नवी श्रिंक चढवली. नव्या पॅकच्या चौथाई किमतीत काम झालं.

हे काम करणारी दुकानं आहेत म्हणून आपल्याकडे सेल अजून पुरतं आयुष्य जगून मरतो. पण उघडता येत नाही असं काही समोर आलं की भाऊंचाही इलाज चालत नाही. कानात घालायचे वायरलेस इअरफोन ते हातात घेतच नाहीत. गोंदाने बंद केलेले, आत वाटाण्याएवढा सेल. उघडलं की तुटतं. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी कायद्यात यावर बोट ठेवलं आहे: १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. काही अपवाद आहेत, पण दिशा बरोबर आहे. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रीसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ती मेलेल्या सेलची सोय झाली. जिवंत सेल वाचवायचा तर वस्तू उघडता येण्याचा नियम आपल्याकडेही व्हायला हवा, आणि तो गाड्यांपासून खेळण्यांपर्यंत सगळ्यांना लागू हवा.

तोवर दिवाळीची आवराआवर चाललीच आहे, तर एक विनंती. ड्रॉवरमधली फुगलेली मोबाइल बॅटरी, जुना पॉवर बँक, मंद टॉर्चचे सेल घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. तो कचरा हातांनी निवडणाऱ्या बायका असतात. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, फुगलेल्या बॅटरीला टाचणी टोचू नका, आणि हे सगळं वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ई-कचरा गोळा करणाऱ्यांना द्या. आणि चालणारी वस्तू फक्त बॅटरीसाठी फेकायला काढली असेल, तर आधी तुमच्या गावातल्या एखाद्या भाऊंना दाखवून या.